मैदानातले प्रश्न : नवा प्रशिक्षक आला की जुना गोलकीपर का जातो?

प्रश्न : मे २०२५ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग जिंकली. त्या वाटचालीत त्यांचा गोलकीपर डोनारुम्माने ॲनफिल्डवर लिव्हरपूलच्या दोन पेनल्टी अडवल्या. तरी ऑगस्टमध्ये प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी त्याला सुपर कपच्या संघातूनही वगळलं आणि लील क्लबचा गोलकीपर ल्युका शेव्हालिए आणला. बरं, डोनारुम्माला मग घेतलं कोणी? तर मँचेस्टर सिटीचे प्रशिक्षक गार्डिओला यांनी! पायाने नीट खेळता येत नाही म्हणून ज्यो हार्टला घालवणारे हेच ना? यात तर्क कुठला? की सगळा एजंटांचा आणि पैशांचा कारभार?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पैशाचा भाग होताच. डोनारुम्माचा करार २०२६ च्या उन्हाळ्यात संपणार होता आणि नवा काही ठरत नव्हता. पण तेवढ्यावर विषय सोडू नका. एन्रिके यांनी पत्रकारांसमोर सरळ सांगितलं होतं की निर्णय आपला आहे आणि आपल्याला वेगळ्या धाटणीचा गोलकीपर हवा आहे. युरोप जिंकून देणाऱ्या माणसाला बाजूला ठेवताना असं उघड बोलायला छाती लागते. माझा त्यांच्या बोलण्यावर विश्वास आहे.

प्रशिक्षक खेळाडू शोधतो तेव्हा त्याच्या डोक्यात एक काम असतं, आणि त्या कामाला कोण बसतो एवढंच तो बघतो. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते गोलकीपरच्या जागी. स्ट्रायकर निदान गोल करून कुठल्याही संघात आपली जागा राखू शकतो. गोलकीपरला ती सोय नाही.

मुंबईच्या मैदानांवर मी गोलमध्ये उभा राहायचो तेव्हा आपल्याच बचावपटूने मागे दिलेला चेंडू हातात उचलता यायचा. आघाडी मिळाली की शेवटची दहा मिनिटं तोच उद्योग चालायचा : घ्या, उचला, टप्पे मारा, परत द्या. १९९२ मध्ये तो नियम बदलला आणि बॅकपासला हात लावणं बंद झालं. बहुतेक प्रशिक्षकांनी त्यावर सोपा तोडगा काढला : चेंडू आला की लांब भिरकाव. काही थोड्यांनी उलटा विचार केला. समोरचा संघ कितीही त्वेषाने प्रेस करायला, म्हणजे चेंडू हिसकवायला अंगावर धावून आला तरी त्याचा गोलकीपर मागे अडकलेला असतो, म्हणजे अंगावर येणारी माणसं दहाच. आपला गोलकीपर पासिंगमध्ये उतरला तर आपण अकरा. कोणीतरी एक जण कायम मोकळा. तो मोकळा माणूस शोधत शोधत वर सरकायचं, हा गार्डिओला यांच्या खेळाचा पाया.

आता हार्टचं पाहा. २०१६ च्या उन्हाळ्यात गार्डिओला मँचेस्टर सिटीत आले तेव्हा हार्ट तिथला लाडका होता. २०१२ आणि २०१४ ची लीग जिंकणाऱ्या संघांचा गोलकीपर तोच, मोसमात सर्वाधिक सामने गोल न खाणाऱ्याला मिळणारा गोल्डन ग्लोव्ह चारदा त्याच्याकडे. लीगच्या पहिल्या सामन्यात संडरलँडविरुद्ध गोलमध्ये दिसला विली कबायेरो, आणि ऑगस्ट संपायच्या आत हार्ट लोनवर, म्हणजे उसना, इटलीत तोरिनोकडे. बार्सिलोनाहून क्लॉडिओ ब्राव्हो आला. पहिलाच सामना मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर. सिटी २-१ जिंकली खरी, पण उंच आलेला चेंडू ब्राव्होच्या हातून सुटला आणि युनायटेडच्या इब्राहिमोविचने गोल केला. ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या कॅम्प नोवर त्याचा पास थेट सुआरेझच्या पायात गेला. सुआरेझने मारलेला चेंडू त्याने बॉक्सबाहेर हाताने अडवला, लाल कार्ड पाहिलं, आणि सामना ४-० ने गेला.

इंग्लंडमध्ये तेव्हा हाच सूर होता की हार्टला परत बोलवा, हे नखरे इथे चालत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गार्डिओला यांनी काय केलं? साडेतीन कोटी पौंड मोजून बेनफिकाहून एडरसन आणला, म्हणजे ब्राव्होचंच काम आणखी चांगलं करणारा माणूस. एक गोलकीपर फसला म्हणून त्यांनी काम बदललं नाही. या सगळ्या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा आहे.

एडरसनची एक गोष्ट जरा जवळून सांगतो. ऑगस्ट २०१८, घरच्या मैदानावर हडर्सफील्डविरुद्ध सामना. त्याची एक लांब किक सगळ्यांच्या डोक्यावरून थेट अग्वेरोसाठी गेली, अग्वेरोने पुढे आलेल्या गोलकीपरवरून चेंडू अलगद उचलून जाळ्यात टाकला. प्रीमियर लीगमध्ये सिटीच्या गोलकीपरने दिलेला हा पहिला असिस्ट, म्हणजे थेट गोल घडवणारा पास. लोक तो पास आठवतात. मला त्याचा परिणाम जास्त महत्त्वाचा वाटतो. असा पाय असलेला गोलकीपर समोर असला की प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीला कळतच नाही की कुठे उभं राहावं. प्रेस करायला वर आलात तर मागची मोकळी जागा त्याच्या टप्प्यात येते. त्यात गोल किकवर ऑफसाइड नसतो, म्हणजे स्ट्रायकर बिनदिक्कत तुमच्या मागे जाऊन उभा राहू शकतो. आणि मागे थांबलात तर सिटीचे सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, निवांत चेंडू घेऊन निघतात. एडरसनने चेंडूला स्पर्श करायच्या आधीच समोरचे चार जण दहा पावलं मागे सरकलेले असत. हार्ट कितीही सुंदर झेपावला असता तरी हे काम त्याचं नव्हतं.

एडरसन आला त्या २०१७ च्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. सिटीचे चारही फुलबॅक, म्हणजे बचावातले कडेचे खेळाडू, गेले : झाबालेटा, सान्या, क्लिशी, कोलारोव्ह. चौघेही तिशी ओलांडलेले. झाबालेटावर तर तिथल्या लोकांनी जीव टाकलेला. बदल्यात वॉकर, मेंडी आणि डॅनिलो. तीन फुलबॅकसाठी शंभर दशलक्ष पौंडांच्या वर रक्कम, म्हणून वर्तमानपत्रांनी थट्टा केली. पण संघ जर समोरच्याच्या अर्ध्यात तंबू ठोकून बसणार असेल, तर मागे सुटलेल्या चेंडूवर धावून जाणारा कोणीतरी हवा. वॉकरच्या वेगाची ती किंमत होती. त्या मोसमात सिटीने १०० गुण आणि १०६ गोल केले.

मग २०२५ मध्ये याच माणसाने डोनारुम्मा का घेतला? माझं मत सांगतो. मधल्या काळात सगळ्या जगाने गार्डिओलांची युक्ती शिकून घेतली आणि तिच्यावरचा उताराही शोधला. आता संघ माणसाला माणूस लावून प्रेस करतात, आणि एक जण गोलकीपरवरही धावून जातो, मागे धोका पत्करून. तो मोकळा अकरावा माणूस मिळेनासा झाला. शिवाय सिटीकडे पुढे हालँड आहे, त्याच्याकडे लांब चेंडू टाकणं हा कमीपणा राहिलेला नाही. खेळ अधिक उघडा झाला. समोरून येणारे फटके मोजकेच, पण एकेक फटका गोलकीपरला एकटं गाठून मारलेला. अशा वेळी १.९६ मीटर उंचीचा, समोरासमोरच्या प्रसंगात गोल झाकून टाकणारा माणूस हवा. एडरसन फेनरबाचेला गेला आणि त्याच सुमारास डोनारुम्मा आला. एन्रिके यांचा संघ मात्र अजून चेंडू स्वतःकडे ठेवूनच सामना दाबून टाकतो, त्यांच्या गोलकीपरला अडवण्यापेक्षा खेळवण्याचं काम जास्त. दोन्ही प्रशिक्षक आपापल्या जागी बरोबर आहेत. बिचाऱ्या डोनारुम्मात मे ते ऑगस्टमध्ये काहीच बदललं नव्हतं.

प्रश्न : गाजावाजा करून घेतलेला मोठा खेळाडू सपशेल फसतो, तेव्हा चूक त्याची की प्रशिक्षकाची?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : बहुतेक वेळा खरेदीची. २००९ मध्ये बार्सिलोनाने सॅम्युएल एटो आणि वर साडेचार कोटींहून जास्त युरो देऊन इंटरकडून इब्राहिमोविच घेतला. तो खेळला वाईट नाही, गोलही केले. पण तो मधोमध उभा राहून चेंडू मागणारा, आणि त्याच मधल्या जागेत मेस्सीला आणण्यात संघाचं भलं आहे हे तेव्हाचे बार्सिलोनाचे प्रशिक्षक गार्डिओला यांना मोसमाच्या ओघात कळत गेलं. एका जागेत दोघं मावत नव्हते. वर्षभरात इब्राहिमोविच मिलानला गेला. तिकडे एटोने इंटरमध्ये प्रशिक्षक मोरिन्यो यांच्यासाठी चक्क विंगवर, म्हणजे कडेला खेळून, मागे धावून बचाव केला. २०१० च्या उपांत्य फेरीत इंटरने बार्सिलोनालाच हरवलं आणि पुढे चॅम्पियन्स लीग जिंकली. प्रतिभा तोलायची तर इब्राहिमोविच एटोच्या तोडीस तोड होता. बार्सिलोनाने जागेचा विचार आधी केला असता तर हा सौदा झालाच नसता.

प्रश्न : प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा एफसी गोवा सोडून मुंबई सिटीत गेले तर जाहू, फॉल, बूमूस, आणि आमचा मंदारसुद्धा त्यांच्यामागून गेला. नंतर ओडिशात गेले तर तिथेही जाहू आणि फॉल. ही निवड म्हणायची की ओळखीपाळखी? गोव्याच्या चाहत्याला हे अजून टोचतं.
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : टोचणारच. आणि तुमच्या संघाने ते खेळ पाहण्याचं सुख आधी घेतलंय, म्हणून जास्त टोचतं.

सुरुवात २०१७ पासून करू. त्याआधी प्रशिक्षक झिको यांच्या काळात गोव्याचे परदेशी खेळाडू प्रामुख्याने ब्राझीलचे : लुसिओ, लिओ मौरा, रेनाल्डो. लोबेरा आले आणि एका उन्हाळ्यात सगळं पान उलटलं. कोरो, लान्झारोते, एदू बेदिया हे स्पॅनिश, आणि मोरोक्कोचा अहमद जाहू. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात. २०२०-२१ पर्यंत मैदानात एका वेळी पाच, त्यानंतर चार. त्या चार-पाच जागा प्रशिक्षक कुठे खर्च करतो हे पाहिलं की त्याचं फुटबॉल कळतं. भल्याभल्यांनी त्या स्ट्रायकर आणि सेंटर बॅकवर खर्च केल्या. लोबेरांनी एक जागा अशा माणसावर लावली जो गोलही फारसे करत नाही आणि टॅकलपेक्षा कार्डांसाठी जास्त प्रसिद्ध.

गोव्याच्या फातोर्डा मैदानावर तुम्ही जाहूला पाहिलं असेल. गोलकीपरकडे चेंडू आला की दोन सेंटर बॅक फाकतात, दोन्ही फुलबॅक वर निघून जातात आणि जाहू रमतगमत खाली येऊन त्या दोघांच्या मध्ये उभा राहतो. चेंडू येण्याआधी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान. मग बहुतेकदा एकच स्पर्श, आणि मैदानाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरका लांब पास. विंगर धावत असतो, चेंडू त्याच्या पुढ्यात पडतो. हे काम करणारा भारतीय खेळाडू तेव्हा नव्हता, म्हणून ती जागा परदेशी खेळाडूवर खर्च झाली.

पण जाहू घेतला की त्याच्याबरोबर एक अडचणही घरी येते. तो वेगवान नाही. फुलबॅक वर गेलेत, जाहूच्या पायातून चेंडू गेला, तर मागे पटांगण मोकळं. म्हणून मागे मुर्तादा फॉल हवा : उंच, लांब पायांचा, हवेतला प्रत्येक चेंडू आपला समजणारा. आणि पुढे कॉर्नरवर तोच गोल करणार. म्हणजे जाहूच्या निवडीतून फॉलची निवड निघते, आणि दोघांच्या निवडीतून दिवसभर वर-खाली धावणारे फुलबॅक निघतात. मंदार राव देसाई मुळात डाव्या बाजूचा विंगर. लोबेरांनी त्याला लेफ्ट बॅक केला आणि त्याच जागेवरून तो २०१९ मध्ये भारतीय संघात पोचला.

ओळखीचं म्हणाल तर ती आहेच. गोव्यात येण्यापूर्वी लोबेरा मोरोक्कोतल्या मोगरेब तेतुआनचे प्रशिक्षक होते. जाहू, फॉल आणि बूमूस तिघंही त्या क्लबकडून खेळलेले. पण त्या ओळखीचा उपयोग बघा. मुंबईत लोबेरा २०२० च्या ऑक्टोबरात आले आणि नोव्हेंबरात मोसम सुरू, तोही करोनामुळे संपूर्ण गोव्यात, बंदिस्त वातावरणात. एवढ्या कमी दिवसांत अवघड पद्धत शिकवायला वेळ कुठे होता? पद्धत आधीच अंगात मुरलेली माणसं आणली, की ती बाकीच्यांना मैदानावरच शिकवतात. त्या मोसमात मुंबईने गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड आणि अंतिम सामना जिंकणाऱ्याचा कप, दोन्ही घेतले. शील्ड ठरवणाऱ्या मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात पहिला गोल फॉलचा, आणि फातोर्ड्यावरच्या अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला विजयी गोल मणिपूरच्या बिपिन सिंगचा.

या पद्धतीची दुसरी बाजूही तुम्ही भोगली आहे. २०१९ चा अंतिम सामना आठवा, मुंबईत, बेंगळुरूविरुद्ध. जादा वेळेत जाहूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. त्याच्या जागी तसा दुसरा माणूस संघात नव्हताच. ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूच्या राहुल भेकेने हेडरने गोल केला आणि कप बेंगळुरूला गेला. सगळं एका माणसाभोवती बांधलं की असा एक क्षण पुरतो.

माझी तळमळ वेगळी आहे. प्रशिक्षकाने आपली माणसं नेली यात मला गैर वाटत नाही. क्लबकडे स्वतःची शैली आहे का, हा खरा सवाल. जानेवारी २०२० मध्ये गोव्याने लोबेरांना काढलं तेव्हा संघ अव्वल स्थानासाठी झुंजत होता. क्लिफर्ड मिरांडा यांनी तोच खेळ पुढे नेला, शील्ड जिंकली, आणि आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा गोवा पहिला भारतीय क्लब ठरला. त्यानंतरही गोव्याने चेंडू खेळवणारेच प्रशिक्षक निवडले : आधी हुआन फेरांडो, पुढे मानोलो मार्केझ. याचं श्रेय द्यायला हवं. मुंबईनेही तेच केलं. लोबेरा गेल्यावर डेस बकिंगहॅम आले आणि खेळ बदलला नाही. २०२३ मध्ये जाहू ओडिशाला गेला तेव्हा त्याच जागेसाठी डच योएल व्हॅन निफ आणला, आणि २०२४ चा कप पुन्हा मुंबईकडे. आपल्याकडचे अनेक क्लब दर वर्षी प्रशिक्षक बदलतात : एक वर्ष लांब चेंडूवाला, पुढच्या वर्षी पासिंगवाला. तिसऱ्या वर्षी संघात निम्मी माणसं अशी, की ज्यांचं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नाही. आणि त्यांत विशी-बाविशीतले भारतीय पोरगे असतात, त्यांची उमेदीची वर्षं बाकावर जातात. त्याचा मला राग येतो.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांचा आहे, तालमीच्या संघातून विंगवर खेळतो. नव्या कोचनी मला मागे, लेफ्ट बॅकला टाकलं. घरचे म्हणतात दुसऱ्या मंडळाकडे जा. काय करू?
(एक खेळाडू, कोल्हापूर)

उत्तर : एवढ्यात जाऊ नकोस. मंदारचं उदाहरण वर आलंच आहे. आणखी एक सांगतो. व्हिक्टर मोझेस चेल्सीचा विंगर, पण क्लबने त्याला तीन वर्षं तीन ठिकाणी लोनवर फिरवला. २०१६ च्या सप्टेंबरात चेल्सी आर्सेनलकडून ३-० ने हरली आणि प्रशिक्षक कॉन्ते यांनी मागे तीन सेंटर बॅक ठेवायला सुरुवात केली. त्या रचनेत दोन्ही कडांना पूर्ण मैदान धावणारी माणसं लागतात. डावीकडे नुकताच विकत घेतलेला मार्कोस अलोन्सो होता, उजवीकडे कोणी नव्हतं. मोझेस तिथे गेला. चेल्सीने त्यानंतर सलग तेरा सामने जिंकले आणि लीगही. झिंचेन्को सिटीत आला तेव्हा हल्ला करणारा मिडफिल्डर होता. तोही लेफ्ट बॅक झाला आणि त्याच जागेसाठी प्रशिक्षक आर्टेटा यांनी त्याला आर्सेनलला नेलं.

पण एक फरक नीट समजून घे. माणसं कमी पडली म्हणून मागे टाकणं वेगळं आणि खेळासाठी टाकणं वेगळं. सरांना एकदा बाजूला घेऊन नम्रपणे विचार : चेंडू आपल्याकडे असताना मी कुठे उभं राहायचं? लाइनवर वर जायचं, की आत मिडफिल्डरशेजारी यायचं? मी वर गेलो तर माझ्या मागे कोण येणार? त्यांनी जमिनीवर चार खडे मांडून दाखवलं तर तिथेच राहा आणि मन लावून शिक. ‘तू फक्त मागे थांब आणि लांब मार’ एवढंच उत्तर आलं, तर मोसम पुरा कर आणि मग दुसरं मंडळ बघ. जाण्याआधी मात्र त्या संघाचे दोन-तीन सामने शाहू स्टेडियमवर बसून पाहा आणि त्यांचा लेफ्ट बॅक, लेफ्ट विंगर दिवसभर काय करतात तेवढंच न्याहाळ.

आणि तोवर एक सराव कर. विंगवर असताना तू चेंडू मैदानाकडे पाठ करून घेत असशील. मागून खेळताना अंग उघडं ठेवून, लांबच्या पायावर घ्यावा लागतो, म्हणजे पहिल्याच स्पर्शात पुढचं मैदान दिसतं. भिंतीवर चेंडू मारून रोज अर्धा तास हेच कर, दोन्ही पायांनी.